आयक्यू टेस्ट करायची आहे? आधी भाषा ठरवा

शाळेतून चिठ्ठी येते: ‘मुलाचं सायकॉलॉजिकल असेसमेंट करून घ्या.’ मग घरात पहिली चर्चा होते ती फी किती आणि जायचं कुठे याची. मूल कोणत्या भाषेत विचार करतं हे कुणी विचारत नाही, आणि मुंबईत तर आधी तेच विचारायला हवं. आजीशी मराठी, बिल्डिंगखाली क्रिकेट खेळताना हिंदी, शाळेत इंग्रजी आणि मोबाइलवर तिन्हींची भेळ. अशा मुलाला चुकीच्या भाषेत तपासलं, तर हातात येणारा आकडा बुद्धीपेक्षा त्या भाषेच्या ओळखीबद्दलच जास्त सांगतो. पुढचं सगळं साधारण 6 ते 15 वर्षांच्या मुलांना धरून लिहिलं आहे.

आठवडाभराची भाषेची वही

अपॉइंटमेंटच्या किमान दोन आठवडे आधी हे काम हाती घ्या. साधी वही घ्या आणि चार रकाने आखा: वेळ, काय चाललं होतं, समोर कोण होतं, भाषा कोणती. दिवसातून चार नोंदी करा: उठल्या उठल्या, शाळेतून आल्यावर, खेळताना, झोपताना. सात दिवसांच्या 28 नोंदी होतील.

या नोंदींचं वजन सारखं नसतं. मूल बाईंशी इंग्रजी आणि वॉचमनकाकांशी हिंदी बोलतं, त्यातून समोरच्याची भाषा कळते, मुलाची नाही. म्हणून समोर कुणी नसतानाच्या किंवा भान नसतानाच्या नोंदींवर खूण करा: अर्धवट झोपेत पाणी मागताना, गुडघा फुटल्यावर, बोटं मोजून हिशेब करताना, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे स्वतःशी पुटपुटताना. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगोत्स्की यांनी 1920-30च्या दशकात दाखवलं की लहान मुलं काम करताना जे मोठ्याने बडबडतात तो विचारच असतो, अजून आत न गेलेला. काम अवघड झालं की ही बडबड वाढते, हेही त्यांनी नोंदवलं. याचा घरी थेट उपयोग करता येतो. मुलाला थोडं जड जाईल असं जिगसॉ पझल द्या. सहा-सात वर्षांच्याला 48 ते 60 तुकड्यांचं, मोठ्याला 100चं. आपण पाठ करून मटार सोलत बसा आणि कान उघडे ठेवा. ‘हा इथे नाही बसत… मग हा कोपऱ्याचा…’ की ‘नॉट धिस वन’? जे कानावर पडेल ते तसंच वहीत उतरवा.

‘तू कोणत्या भाषेत विचार करतोस रे?’ असं विचारू मात्र नका. उत्तर ‘इंग्लिश’ येतं, कारण घरात कोणत्या उत्तराने सगळे खूश होतात हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

आठवड्याच्या शेवटी चित्रवर्णन करून घ्या. गर्दी असलेली तीन वेगवेगळी चित्रं निवडा: रेल्वेचा फलाट, मासळीबाजार, गणपतीची मिरवणूक अशी. एका दिवशी एक चित्र, एक भाषा, पाच मिनिटं. फोनवर रेकॉर्ड करा. तिन्ही दिवस एकच चित्र दाखवलं, तर तिसऱ्या दिवसाची भाषा उगाचच वरचढ ठरते, कारण तोवर गोष्ट पाठ झालेली असते. मग रेकॉर्डिंग ऐकून जोडशब्द मोजा: कारण, म्हणून, पण, जर, नाहीतर, तोपर्यंत, आणि इंग्रजी-हिंदीतले त्यांचे भाऊबंद. ‘बाई आहे, टोपली आहे, मांजर आहे’ ही यादी झाली. ‘मांजर टोपलीपाशी बसलंय कारण बाईचं लक्ष नाही’ हा विचार झाला. मूल ज्या भाषेत असे सांधे जास्त जोडतं ती त्याची चाचणीची भाषा.

इंग्रजी माध्यमाच्या पालकांना इथे एक गोष्ट कळली पाहिजे. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1980च्या सुमारास परदेशातून आलेल्या मुलांबद्दल मांडलं की गप्पांपुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण वर्गात तर्क करण्याइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. दुसरीतला मुलगा लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी फर्डं इंग्रजी बोलतो, म्हणून त्याची शाब्दिक चाचणी (शब्दांत प्रश्न, शब्दांत उत्तर) इंग्रजीत घेणं ही सर्रास होणारी चूक याच फरकातून होते.

निकाल एकतर्फी आला (28पैकी 20च्या आसपास नोंदी एकाच भाषेच्या आणि सांधेही तिथेच जास्त) तर प्रश्न मिटला. खिचडी निघाली तर वही घेऊन जा आणि मानसशास्त्रज्ञांना दाखवा. मुंबईत हेच जास्त होतं: रोजचे शब्द मराठीत, त्रिकोण-गुणाकार-ऋतू इंग्रजीत. अशा वेळी शाब्दिक प्रश्न आधी बळकट भाषेत विचारून, अडलं तरच दुसरीत विचारता येतात. हा ठरलेल्या पद्धतीला दिलेला फाटा आहे, म्हणून कोणता प्रश्न कोणत्या भाषेत सुटला हे रिपोर्टमध्ये लिहिलं जायला हवं. ते लिहून मागा.

एकोणपन्नास म्हणजे फिफ्टी-नाईन?

मराठी मुलांच्या चाचणीत सर्वांत जास्त घोळ होतो तो आकड्यांत. त्याला थोडी जागा द्यायलाच हवी.

मराठीत दोन अंकी संख्या उलटी बोलतात. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी, साठ नंतर. त्यात एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसत्तर ही आणखी एक तऱ्हा: पुढच्या दशकाचं नाव घ्यायचं आणि एक उणा करायचा. 2019मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ अशी जोडीची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! वाद कुणाचा खरा ते बाजूला ठेवू, पण अडचण खरी होती. जर्मन भाषेतही संख्या अशाच उलट्या बोलतात आणि तिथली मुलंही सुरुवातीला 36चे 63 लिहितात.

आता चाचणीत तोंडी हिशेब असतो. समजा प्रश्न असा आहे (हा कुठल्याही चाचणीतला नाही): ‘डब्यात एकोणपन्नास लाडू होते, तेरा वाटले, उरले किती?’ इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ‘पन्नास’ ऐकू येतं आणि ‘एक’ ऐकू येतो. ते एक्कावन्न धरतं, कधी फिफ्टी-नाईन धरतं, आणि वजाबाकी बिनचूक करून चुकीचं उत्तर देतं. गुण शून्य. परीक्षकाने पुढचा प्रश्न घेतला तर रिपोर्टमध्ये ‘अंकगणितीय तर्क कमी’ असं लागतं, आणि कमी होती ती फक्त संख्यानावांची सवय.

घरी तपासायचं असेल तर हे दहा आकडे सांगून लिहून घ्या: 36, 63, 49, 57, 75, 29, 82, 28, 69, 94. एका दिवशी मराठीत, दोन दिवसांनी क्रम बदलून इंग्रजीत. फक्त मराठीत अंक उलटे पडत असतील तर ती संख्यानावांची गडबड. दोन्हींत उलटे पडत असतील आणि मूल आठ वर्षांच्या पुढे असेल, तर दोन्ही कागद सोबत न्या. शिकण्यातल्या अडचणीचा (एलडीचा) विचार करताना ते उपयोगी पडतात.

अंक लक्षात ठेवण्याच्या भागातही हाच खड्डा आहे. परीक्षक सेकंदाला एक या लयीत सुटे अंक म्हणतो आणि मुलाने ते तसेच, मग उलट क्रमाने म्हणायचे असतात. मराठीत ऐकून मनात इंग्रजी करायचं, उलटवायचं आणि पुन्हा मराठीत म्हणायचं, एवढी हमाली करता करता शेवटचा अंक गळतो. मूल ज्या भाषेत पाढे म्हणतं त्याच भाषेत हे अंक द्यावेत. त्याची आधी प्रॅक्टिस मात्र करून घेऊ नका. कारण पुढे येईलच.

शब्द बदलला की प्रश्न बदलतो

‘आमच्या मॅडम इंग्रजी टेस्टचं तिथल्या तिथे मराठी करून विचारतात’ हे ऐकायला सोयीचं वाटतं. त्यातच गोची आहे. शब्दार्थाच्या चाचणीत शब्द सोप्याकडून अवघडाकडे लावलेले असतात आणि ती चढण भाषांतरात मोडते. ‘सबमरीन’ म्हणजे काय, हा लहान मुलाला अवघड प्रश्न आहे. ‘पाणबुडी’ म्हटलं की पाणी आणि बुडी दोन्ही आयतेच हातात. मधमाशीचंही तेच. उलट बाजूने ‘कझिन’ हा सोपा इंग्रजी शब्द मराठीत आणायचा कसा? मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ. आपली भाषा नात्याची बाजू सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

बोलीचाही प्रश्न असतो. खेकड्याचं चित्र पाहून वरळी कोळीवाड्यातलं मूल ‘चिंबोरी’ म्हणेल, मालवणी घरातलं ‘कुर्ली’. दोन्ही उत्तरं शंभर टक्के बरोबर. पण परीक्षकाला तो शब्द माहीत हवा, नाहीतर त्याने ‘म्हणजे कसं असतं ते?’ असं विचारायला हवं. घरात आगरी, कोळी, मालवणी, वऱ्हाडी बोलत असाल तर पहिल्या भेटीतच सांगा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

कोणती चाचणी, कशासाठी

मराठीत घेता येणाऱ्या आणि मुंबईत प्रत्यक्ष दिसणाऱ्या चाचण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

बिने-कामत चाचणीचं मूळ पॅरिसमध्ये आहे. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी 1905मध्ये पहिली मोजपट्टी केली, तीही कोणाला शिकवण्यात जास्त मदत लागेल हे शोधायला. अमेरिकेत ल्यूइस टर्मन यांनी 1916मध्ये ती वाढवली आणि तिच्यावरून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी आवृत्ती तयार केली. ती 3 वर्षांपासून पुढे चालते. दुसरी मालिन यांची, नागपूरला 1969मध्ये झालेली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांच्या 1949च्या मुलांच्या चाचणीवरून केलेली, 6 ते 15 वर्षांसाठी, सहा शाब्दिक आणि पाच कृतीचे (हाताने करून दाखवायचे) भाग. पूर्ण घ्यायला दोन ते अडीच तास लागतात. वेक्सलरची भारतासाठीची नवी आवृत्तीही वापरात आहे. शब्दांशिवाय घेता येणारी म्हणजे रेव्हन यांची आकृतिबंधांची चाचणी, नक्षीतला गाळलेला तुकडा ओळखायची: 1938ची, 60 प्रश्नांची, आणि लहानांसाठी 36 प्रश्नांची रंगीत. सेग्विन फॉर्म बोर्ड म्हणजे दहा लाकडी आकार आपापल्या खाचेत बसवायचे. तीनदा करून घेतात आणि सर्वांत कमी वेळ धरतात.

जुन्या चाचण्यांबाबत एक धोका आहे. जेम्स फ्लिन यांनी 1984मध्ये दाखवलं की अमेरिकेत पिढ्यांगणिक गुण वाढत गेले, दर दहा वर्षांना साधारण तीन. म्हणजे जुन्या प्रमाणांशी (तेव्हाच्या मुलांच्या गुणांशी) तुलना केली की आजच्या मुलाचा आकडा फुगलेला दिसू शकतो. उलट जुन्या काळच्या वस्तू आणि प्रसंग आजच्या मुलाने पाहिलेलेच नसतात, त्यात तो खाली येतो. दोन चुका एकमेकींना कापतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

आणि ‘भाषाच नको, रेव्हन घ्या’ हाही रामबाण नव्हे. सूचना कळावी लागतेच. शिवाय आकृत्या-कोडी कधी हाताळलीच नाहीत असं मूल पहिली पाच-सहा पानं फक्त खेळ समजून घेण्यात घालवतं.

फोनवर विचारायचे प्रश्न

चाचणी कोणती आणि कितवी आवृत्ती? मराठीत छापील सूचना आहेत की तिथल्या तिथे भाषांतर? चाचणी घेणारी व्यक्ती स्वतः मराठी बोलते का? भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआयचा) नोंदणी क्रमांक काय? एका बैठकीत होणार की दोन? रिपोर्टमध्ये प्रत्येक भागाचे गुण आणि वापरलेली भाषा लिहिणार का? शेवटच्या प्रश्नाला ‘आम्ही फक्त आयक्यू देतो’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

चाचणी बोर्डाच्या सवलतींसाठी किंवा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी हवी असेल तर खासगी रिपोर्टवर भागत नाही. ठरवून दिलेल्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयातूनच करावी लागते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, नायरमध्ये एलडीचं काम बऱ्याच वर्षांपासून चालतं. सध्या कोणतं रुग्णालय ग्राह्य आहे ते शाळेच्या कार्यालयातून लेखी घ्या, मगच केस पेपर काढा. तारखा लांबच्या मिळतात, म्हणून दहावीच्या सवलतीसाठी नववीत धावू नका. सातवी-आठवीतच सुरुवात करा.

त्याआधी दोन तपासण्या उरकून घ्या: डोळे आणि कान. कमी ऐकणाऱ्या मुलाचा शाब्दिक गुण हमखास खाली येतो. कानाच्या तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही ऑडिओमेट्री होते.

आदला दिवस आणि तो दिवस

मुलाला काय सांगायचं ते शब्दशः देतो: ‘उद्या एका ताईंकडे जायचंय. त्या कोडी घालतील, चित्रं दाखवतील. काही सोपी असतील, काही तुझ्यापेक्षा मोठ्या मुलांची असतील. नाही आलं तर “नाही येत” म्हणायचं. इथे पास-नापास नसतं.’ यातलं ‘मोठ्या मुलांची’ हे वाक्य गाळू नका. बहुतेक भागांत लागोपाठ काही प्रश्न चुकेपर्यंत परीक्षक पुढे जातच राहतो, म्हणून प्रत्येक मूल शेवटी अडतंच. नेहमी पहिल्या नंबरात येणारी मुलं इथेच रडकुंडीला येतात आणि पुढच्या भागात तोंड उघडत नाहीत.

नेटवरून ‘आयक्यूचे प्रश्न’ काढून घोटून घेऊ नका. चाचणीची प्रमाणं प्रश्न पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांवरून ठरलेली असतात. तयारी करून गेलेल्या मुलाचा आकडा कशाशीच ताडता येत नाही. नेमकी मदत लागत असेल तर ती नाकारली जाते, कारण कागदावर सगळं ठीक दिसतं. याच कारणाने तीच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा घेत नाहीत. आधी कुठे झाली असेल तर लपवू नका, जुना रिपोर्ट घेऊन जा.

एक सूचना आपल्या घरांसाठी खास. ‘सावकाश, नीट कर’ हे आपण मुलांच्या मनावर इतकं बिंबवतो की ठोकळ्यांची नक्षी करताना मूल प्रत्येक ठोकळा सरळ रेषेत आणत बसतं. तिथे वेळेला गुण असतात. आकड्यांखाली ठरलेली चिन्हं भरण्याच्या भागात तर मोजून 120 सेकंद मिळतात आणि खोडरबरला हात घातला की संपलं. परीक्षक ‘जमेल तितकं भरभर’ असं सांगतोच. तुम्ही निघताना ‘घाई करू नकोस हं’ एवढं म्हणू नका, पुरे.

सकाळची वेळ घ्या. शाळा आणि क्लास करून दमलेलं मूल संध्याकाळी पाचला तपासणं म्हणजे थकवा मोजणं. विरार-बदलापूरकडून येत असाल तर गर्दीच्या लोकलमधून उतरल्यावर मुलाला अर्धा-पाऊण तास तरी शांत बसायला मिळेल असं निघा. जुलैतल्या मुसळधार दिवशी, कपडे भिजलेले आणि परत कसं जायचं याची सगळ्यांना चिंता, अशात चाचणी उरकण्यापेक्षा फोन करून तारीख बदला. सोबत चष्मा, श्रवणयंत्र असेल तर नव्या सेलसह, पाणी, पोळीचा रोल, जन्मदाखला, शाळेची दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, वह्या, आणि अर्थात भाषेची वही. ताप-खोकला असेल तर जाऊ नका. फिटची किंवा एकाग्रतेची गोळी चालू असेल तर ती द्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा आणि जे केलं ते परीक्षकाला सांगा.

चाचणी चालू असताना बाहेर बसा. दारातून ‘अरे, काल तर सांगितलं होतंस’ असं एक वाक्य गेलं की तो प्रश्न बाद.

वय आणि आकडा: हिशेब स्वतः करून पाहा

जन्म 4 मार्च 2017, चाचणी 12 जुलै 2025. वय 8 वर्षं 4 महिने 8 दिवस, म्हणजे 100 महिने. बिने-कामत पद्धतीत समजा 6 वर्षांच्या पातळीचे सहाही प्रश्न सुटले: पाया 72 महिने. त्यापुढे दहाव्या वर्षापर्यंत प्रत्येक प्रश्नाला 2 महिने. सातव्या पातळीवर 4 सुटले (8 महिने), आठव्या पातळीवर 3 (6 महिने), नवव्यावर 2 (4 महिने), दहाव्यावर एकही नाही. बेरीज 90 महिने, हे मानसिक वय. 90 भागिले 100, गुणिले 100: बुद्ध्यांक (आयक्यू) 90.

आता शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल एक वर्ष पुढे लागलेलं असेल तर? वय 88 महिने, बुद्ध्यांक 102. एक वर्ष मागे लागलं असेल तर 112 महिने आणि बुद्ध्यांक 80. मूल तेच, उत्तरं तीच. म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर आधी जन्मतारीख आणि काढलेलं वय तपासा. हा हिशेब चुकलेला सापडतो आणि तो पकडायला मानसशास्त्र यावं लागत नाही.

रिपोर्ट वाचताना

वेक्सलर पद्धतीच्या चाचण्यांत महिने भागत नाहीत, समवयस्कांशी तुलना करतात. मध्य 100, प्रमाण विचलन (गुण मध्यापासून साधारण किती पसरतात ते माप) 15. म्हणजे 100 मुलं एका रांगेत उभी केली तर 115च्या मुलाच्या मागे साधारण 84, 100च्या मागे 50, 85च्या मागे 16 आणि 70च्या मागे 2 मुलं असतील. 85 ऐकून आईबाप हादरतात, कारण डोक्यात टक्केवारी असते. शाळेतल्या 85 टक्क्यांशी याचा काही संबंध नाही.

कोणताही आकडा सुटा घेऊ नका. चांगल्या चाचणीतही 95 टक्के खात्रीचा पट्टा सहा-सात गुण खाली आणि तितकाच वर असतो. 92 म्हणजे 85 ते 99च्या दरम्यान कुठेतरी. मागच्या वेळी 92 आणि आता 97 आले तर ती प्रगती नव्हे. वेगळ्या चाचण्यांचे आकडे तर एकमेकांशेजारी ठेवूच नका.

भागांतला फरक एकूण आकड्यापेक्षा जास्त बोलतो. मालिन चाचणीत शाब्दिक 78 आणि कृतीचा 104 आला, तर दोहोंची सरासरी 91 निघते. ‘सर्वसाधारण’ असा शेरा बसतो आणि फाइल बंद होते. त्या 91मध्ये ते मूल कुठेच नाही. इतकी दरी दिसली की क्रमाने विचारा: कान तपासले? चाचणी कोणत्या भाषेत झाली? घरची भाषा आणि शाळेची भाषा कधीपासून वेगळी? भाषा चुकली होती असं वाटलं तर शाब्दिक भाग वर्षभराने बळकट भाषेत पुन्हा घेण्याबद्दल बोला. भाषा बरोबर होती आणि तरीही दरी राहिली, तर वाचाउपचारतज्ज्ञांकडे जाण्याची वेळ आहे.

इंग्रजी माध्यम सोडून मराठीत घाला, असा सल्ला मात्र एका रिपोर्टवरून घेऊ नका. दोन भाषांनी डोकं जड होतं हा समज 20व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अभ्यासांतून आला, ज्यांत गरीब स्थलांतरितांची मुलं परक्या भाषेत तपासली जात होती. 1962मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रियलमध्ये घरची परिस्थिती सारखी असलेली 10 वर्षांची मुलं निवडून तपासली, तेव्हा दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुलं पुढे निघाली.

अंक लक्षात ठेवण्याचा भाग एकटाच खाली असेल तर वर्गशिक्षिकेला सांगा: सूचना दोन-दोनच्या तुकड्यांत द्यायच्या. ‘वही काढ, तारीख घाल’ झालं की मग ‘पान 42 उघड’. चिन्हांचा वेग कमी असेल तर फळ्यावरून उतरवून घेणं कमी करून छापील कागद मागा.

सगळेच भाग 70च्या खाली असतील तर फक्त आकड्यावरून बौद्धिक अक्षमता ठरत नाही. मूल रोजच्या जगण्यात काय करतं हे पाहावं लागतं. त्यासाठी व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणी आहे, तिची भारतीय आवृत्तीही मालिन यांनीच नागपूरला केली: 89 मुद्दे, माहिती बहुधा आईकडून घेतात. इथे खरं सांगा. ‘करतो तो सगळं’ असं मायेपोटी म्हटलं की मिळणारी मदत जाते. ‘करू शकेल’ आणि ‘करतो’ यांत फरक आहे: शर्टाची बटणं तो रोज स्वतः लावतो की सकाळच्या घाईत तुम्ही लावता? घाईत तुम्ही लावत असाल तर तसंच सांगा आणि सुट्टीच्या दिवशी तो लावतो का तेही सांगा.

मूळ रिपोर्ट प्लास्टिकच्या फाइलीत घरी ठेवा. शाळेला झेरॉक्स द्या, आणि शाळेची हरकत नसेल तर फक्त शिफारशींचं पान द्या. वर्गात फिरायला आकड्याची गरज नसते. फाइलीच्या आत चाचणीचं नाव, तारीख, भाषा आणि पुढच्या तपासणीचा महिना एका चिठ्ठीवर लिहून चिकटवा. भाषेची वहीही त्याच फाइलीत राहू द्या. पुढच्या वेळी जाण्याआधी पुन्हा सात दिवस लिहा, कारण दुसरीत मराठीत पुटपुटणारं मूल पाचवीत हिंदीत पुटपुटत असू शकतं.